भूमीखालचे स्थानक आणि वरवट बकालचा प्रवासी

२०२५ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या ८ तारखेस मुंबईच्या भुयारी मेट्रोच्या अखेरच्या टप्प्याचे उद्‌घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले आणि दुसऱ्या दिवसापासून आरे ते कफ परेड असा साडेतेहतीस किलोमीटरांचा सलग मार्ग लोकांसाठी खुला झाला. या मार्गावर सत्तावीस स्थानके आहेत आणि त्यांपैकी एकट्या आरेचा अपवाद सोडला तर बाकीची सव्वीस भूमीखाली आहेत. या सव्वीसांतील एकाच स्थानकाविषयी आज आम्हांस लिहावयाचे आहे. ते आहे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या जगद्विख्यात रेल्वे स्थानकाला लागून, त्याच्या समोरच्या रस्त्याच्या पोटात बांधलेले आणि त्याचेच नाव धारण करणारे मेट्रोचे स्थानक. वर एकोणिसाव्या शतकातील घुमट आणि कमानी, खाली एकविसाव्या शतकातील सरकते जिने, आणि या दोहोंच्या मध्ये काही मीटर माती व दगड, असा हा योग आहे.

मुंबईच्या भुयाराचे कौतुक मुंबईच्या वृत्तपत्रांनी करावे, वऱ्हाडातील एका शहराच्या दैनिकाने त्यासाठी आपल्या पहिल्या पानावरील जागा का खर्च करावी, असा प्रश्न आमचे काही वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. त्याचे आमचे उत्तर असे की, ज्या स्थानकाखाली हे नवे स्थानक उभे राहिले ते जितके मुंबईचे आहे तितकेच आमचेही आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील वरवट बकाल या गावाचे उदाहरण घ्या. त्या गावात रेल्वे नाही. तेथील मनुष्यास मुंबईस जावयाचे झाले तर तो एस. टी.ने शेगावास येतो, रात्री विदर्भ एक्स्प्रेस किंवा अमरावती एक्स्प्रेस धरतो आणि सकाळी त्याच घुमटाखाली उतरतो. मुलाची मुलाखत असो, घरातील आजाऱ्यास परळच्या रुग्णालयात दाखवावयाचे असो, मंत्रालयात अडकलेल्या कागदाचा पाठपुरावा असो, त्याची मुंबई त्या फलाटावर सुरू होते. तेव्हा त्या फलाटाखाली आणि त्याच्या दारासमोर जे काही घडते त्याविषयी बोलण्याचा त्याचा अधिकार कुलाब्याच्या रहिवाशाहून तिळभरही कमी नाही.

हा अधिकार केवळ प्रवाशाचा नव्हे, त्याला इतिहासाचाही आधार आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. जी. आय. पी. रेल्वेच्या स्थापनेत ज्या एतद्देशीयांनी पुढाकार घेतला त्यांत नाना शंकरशेट होते, हे शाळेतील मुलासही ठाऊक असते. त्या कंपनीचे रूळ पुढे घाट चढून खानदेशातून वऱ्हाडात शिरले आणि १८६७ साली नागपुरास पोहोचले. हे रूळ वऱ्हाडावरील प्रेमापोटी आले नव्हते. अमेरिकेतील यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला होता, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतील कापूस बंदरावर नेण्याची निकड सत्ताधाऱ्यांस भासत होती. जलंबहून खामगावच्या कापूसपेठेपर्यंत १८७० मध्ये शाखा टाकण्यात आली ती याच हेतूने. पुढे १८७८ साली बोरीबंदरावर फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यानुसार जे भव्य स्थानक बांधावयास घेतले आणि जे १८८८ साली पुरे झाले, ते त्याच कंपनीचे मुख्य ठाणे होते. त्या कंपनीच्या समृद्धीत वऱ्हाडच्या गाठींचा वाटा होता. म्हणजे त्या घुमटाच्या चिऱ्यांत आमच्या शेतकऱ्याचा घाम मुरला आहे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

त्या वास्तूवर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी कोरलेली पाने, फुले, पशुपक्षी आजही पाहावयास मिळतात, आणि घुमटाच्या शिखरावर हाती मशाल घेतलेली ‘प्रगती’ची मूर्ती उभी आहे. २००४ साली युनेस्कोने या वास्तूची गणना जागतिक वारशात केली. १९९६ मध्ये तिला छत्रपतींचे नाव मिळाले, २०१७ मध्ये त्या नावात ‘महाराज’ या शब्दाची भर पडली. नावे बदलली, राज्ये बदलली, पण गाडी येणे थांबले नाही. जिवंत वारसा तो हाच. संग्रहालयातील मूर्तीला पडदा लावून जपता येते, पण रोज लाखो पावलांनी झिजणाऱ्या वास्तूला वापरातच ठेवून जपावे लागते.

अशा वास्तूच्या पायाशी भुयार खणावयाचे म्हणजे धाडसच होते. दख्खनचा कठीण काळा दगड आणि त्याच्या मधूनमधून येणारे मऊ, भुसभुशीत थर यांतून, वीस-पंचवीस मीटर खोलीवर, सतरा भुयारयंत्रे फिरविण्यात आली. त्यांना गोदावरी, कृष्णा, वैतरणा, तानसा अशी आपल्याच नद्यांची नावे दिली होती. पहिले यंत्र सप्टेंबर २०१८ मध्ये दगड फोडून बाहेर आले आणि शेवटचे नोव्हेंबर २०२२ मध्ये. वरून गाड्या धावत होत्या, दुकाने चालू होती, शाळा भरत होत्या आणि खाली हे काम चालले होते. ज्या अभियंत्यांनी व मजुरांनी ते केले त्यांचे अभिनंदन करताना आमची लेखणी कचरत नाही. त्या मजुरांत गरीब जिल्ह्यांतून आलेले किती जण होते याची गणना उद्‌घाटनाच्या फलकावर नसते, म्हणून त्यांचे स्मरण येथे करणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

परंतु कौतुकाच्या भरात एक गोष्ट विसरली जाऊ नये. हे काम निर्वेध पार पडले याचे श्रेय जसे यंत्रांना आहे तसेच ते शंका काढणाऱ्या नागरिकांनाही आहे. २०१७ साली याच परिसरातील दादाभाई नौरोजी मार्गावर जे. एन. पेटिट वाचनालयाच्या जुन्या इमारतीच्या शिखराचा एक नक्षीदार भाग निखळला, तेव्हा विश्वस्तांनी उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. त्याच वर्षी रात्रंदिवस चालणाऱ्या खणतीच्या आवाजाने झोप उडालेल्या रहिवाशांनीही न्यायालयात धाव घेतली, आणि रात्रीच्या कामावर निर्बंध आले. पारशी समाजाने आपल्या पवित्र अग्निमंदिरांच्या जवळून भुयार जाण्यास हरकत घेतली. ती याचिका उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फेटाळली, पण त्या निमित्ताने प्रत्येक हादऱ्याचे मोजमाप झाले पाहिजे ही जाणीव शासनास झाली. त्या वेळी या सर्वांस ‘विकासविरोधी’ म्हणून हिणविणारे लोक होते. आज घुमट शाबूत आहे हे पाहून त्यांनी आपले शब्द परत घ्यावयास हरकत नाही. तक्रार करणारा नागरिक हा कामातील अडथळा नसतो, तो बिनपगारी पर्यवेक्षक असतो.

ही जाणीव ठेवली नाही तर काय होते याची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. आमच्या लोहमार्गाचे एक टोक मुंबईस, तर दुसरे हावड्यास आहे. त्या टोकालाही, १९०५ साली बांधलेल्या हावडा स्थानकाशेजारी, मेट्रोचे भुयारी स्थानक मार्च २०२४ मध्ये सुरू झाले आणि हुगळी नदीच्या तळाखालून गाडी जाऊ लागली. पराक्रम मोठाच. पण त्याच मार्गाच्या कामात ऑगस्ट २०१९ मध्ये कलकत्त्याच्या बहूबाजार भागात भुयारात पाणी घुसले, जमीन खचली, जुनी घरे कोसळली आणि शेकडो कुटुंबांना नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर पडावे लागले. जर्मनीतील स्टुटगार्ट येथे जुन्या स्थानकाखाली नवे स्थानक नेण्यासाठी त्या वास्तूचे दोन्ही पंख पाडण्यात आले. २०१० साली निदर्शकांवर पाण्याचे फवारे सोडण्यात आले, शेकडो लोक जखमी झाले. प्रारंभी साडेचार अब्ज युरोंच्या आसपास असलेला खर्च पुढे अकरा अब्जांच्या वर गेला. अभियांत्रिकीत अग्रेसर मानलेल्या राष्ट्राची ही कथा. या तुलनेत मुंबईने आपला घुमट राखून भुयार पुरे केले, हे भूषणावह आहे.

मात्र मुंबईची पाटीही अगदी कोरी नाही. आरेच्या गाडीतळासाठी २०१९ च्या ऑक्टोबरात रातोरात वृक्षांवर कुऱ्हाड चालविली गेली आणि सर्वोच्च न्यायालयास ती थांबवावी लागली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. मे २०२५ मध्ये आचार्य अत्रे चौकाचे स्थानक सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते तोच पहिल्या मोठ्या पावसाचे पाणी त्यात शिरले आणि काही मार्ग बंद ठेवावा लागला. भूमीखालच्या वास्तूस पाण्याची भीती जन्माचीच असते. ज्या शहरात दरसाल पावसाळ्यात रस्त्यांच्या नद्या होतात, तेथे हा धडा पहिल्याच वर्षी मिळाला हे एका अर्थी बरेच झाले. तो लक्षात ठेवला जातो की नाही हे पुढले पावसाळे सांगतील.

येथवर आम्ही वास्तूविषयी बोललो. आता प्रवाशाविषयी बोलू, कारण आमच्या मते या सर्व उद्योगाची खरी परीक्षा तेथे आहे.

पत्रव्यवसायात येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शाळेत शिकवीत होतो. एकदा वऱ्हाडातील चाळीस मुलांना घेऊन आम्ही मुंबई दाखवावयास गेलो. रात्रभर गाडीत मुले खुशाल झोपली. गाडी वेळेवर पोहोचली. आमची खरी कसोटी लागली ती स्थानकाच्या बाहेर पडल्यावर. मोठ्या घड्याळाखाली मुले मोजावयाची, समोरच्या रस्त्यावरील मोटारींचा लोंढा ओसरण्याची वाट पाहावयाची, हात धरून पलीकडे जावयाचे आणि पुन्हा मुले मोजावयाची. जवळजवळ सहाशे किलोमीटरांचा प्रवास सुखाचा झाला आणि शेवटच्या दोनशे पावलांनी आमचा घाम काढला. शिक्षकी पेशा सुटला, पण ती दोनशे पावले आम्ही विसरलो नाही. आजही आम्हांस वाटते की, दळणवळणाच्या कोणत्याही योजनेचे मूल्यमापन तिच्या किलोमीटरांवरून न करता तिच्या शेवटच्या दोनशे पावलांवरून करावे.

वरवट बकालचा तो प्रवासी आता पुन्हा डोळ्यांसमोर आणा. सकाळची वेळ आहे. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने वृद्ध आईला धरले आहे. आईच्या गुडघ्यांना जिना नको. त्यांना फलाटावरून उतरून मेट्रोत बसावयाचे आहे. त्यांना मार्ग दाखविणारी पाटी ठळक मराठीत आहे काय? ती फलाटाच्या तोंडाशीच आहे, की स्थानकाबाहेर पडून चार जणांना विचारल्यावर सापडते? आईसाठी उद्वाहन कोठे आहे, आणि तेथवर जाताना रस्ता ओलांडावा लागतो काय? तिकीट देणारा माणूस खिडकीत आहे, की भ्रमणध्वनीवर बोटे फिरविता येणाऱ्यालाच प्रवेश आहे? पावसाळ्यात त्या मधल्या वाटेत पाणी तुंबणार नाही ना? आणि दोन्ही स्थानकांच्या मधल्या त्या वाटेची जबाबदारी कोणाची? रेल्वे म्हणते आमची हद्द फलाटापाशी संपते, मेट्रो म्हणते आमची दरवाजापाशी सुरू होते, महापालिका म्हणते आम्ही फक्त रस्त्याचे धनी, असा प्रकार असेल तर मधल्या दोनशे पावलांत प्रवासी निराधार ठरतो. आपल्या देशात कामे बिघडतात ती बहुधा कोणाच्या हद्दीत बिघडत नाहीत, दोन हद्दींच्या मधल्या फटीत बिघडतात.

आरे ते कफ परेड या पूर्ण प्रवासाचे भाडे सत्तर रुपये ठेवण्यात आले आहे. टॅक्सीच्या मानाने ते स्वस्त आहे, लोकलच्या मानाने पुष्कळच महाग. ज्याचे शेगावहून मुंबईपर्यंतचे तिकीट रेल्वेने काढलेले आहे, त्याच तिकिटात पुढल्या मेट्रोचे भाडे सवलतीने जोडता येणार नाही काय? दोन्ही व्यवस्था शेवटी सरकारच्याच आहेत. स्थानके भूमीखाली जोडता येतात तर तिकिटे कागदावर जोडणे अशक्य कसे? केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये नवी दिल्ली व अहमदाबाद यांच्यासह छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या पुनर्विकासास मंजुरी दिली असून तिन्ही स्थानकांचा मिळून खर्च सुमारे दहा हजार कोटींचा धरला आहे. या कामात दुकाने आणि दालने किती असावीत याची चर्चा पुष्कळ होईल. आमची मागणी साधी आहे. त्या आराखड्यात पहिली रेघ फलाटापासून मेट्रोच्या दारापर्यंत ओढावी, आणि बाकीचे सर्व तिच्या भोवती बसवावे.

आता शेवटचा, आणि आम्हांस अधिक जिव्हाळ्याचा मुद्दा. या भुयारी मार्गावर सुमारे ३७ हजार कोटी रुपये खर्च झाले, म्हणजे किलोमीटरमागे हजार कोटींहून अधिक. आरंभीचा अंदाज २३ हजार कोटींचा होता. मुंबईला हा मार्ग नको होता असे आम्ही म्हणणार नाही. लोकलच्या दारात लोंबकळून जीव गमावणाऱ्यांत वऱ्हाडची मुलेही असतात, आणि त्यांच्यासाठी प्रत्येक नवा मार्ग हे जीवदान आहे. ग्रामीण भागाच्या मागासलेपणाचे खापर मुंबईच्या माथी फोडण्याची सवय आम्हांस मान्य नाही. परंतु याच तराजूत जालना–खामगाव लोहमार्ग घालून पाहावा. ही मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. सुमारे १५५ किलोमीटरांच्या त्या मार्गाचा अंदाजित खर्च ४,९०० कोटींच्या आसपास सांगण्यात आला आहे, म्हणजे मुंबईतील सुमारे साडेचार किलोमीटर भुयाराइतका. राज्याने निम्मा भार उचलण्याची तयारी दाखविली, सर्वेक्षणे झाली, निवेदने झाली, परंतु रूळ अद्याप पडले नाहीत. १८७० साली कापूस न्यावयाचा होता तेव्हा खामगावपर्यंत रूळ आले, माणसे न्यावयाची म्हटल्यावर तेथून पुढे सरकेनात, असे जर कोणी उपहासाने म्हटले तर त्यास काय उत्तर द्यावे?

अकोला–खांडवा मार्गाची कथा याहून बोधप्रद आहे. मेळघाटच्या अरण्यातून जाणारी ती जुनी मीटरगेज गाडी २०१७ साली बंद झाली. अकोल्याहून अकोटपर्यंत रुंद मार्ग तयार होऊन २०२२ मध्ये गाडी सुरू झाली. पुढला प्रश्न वाघांच्या वस्तीचा होता, आणि तो मार्ग अरण्यातून न नेता बाहेरून, संग्रामपूर व जळगाव-जामोद तालुक्यांच्या अंगाने न्यावा, असा पर्याय पुढे आला. आम्ही त्याचे समर्थन करतो. मुंबईत भुयाराने शंभर-सव्वाशे वर्षांच्या वास्तूचा मान राखला, येथे रुळांनी सहस्रावधी वर्षांच्या वनाचा मान राखावा, तत्त्व एकच आहे. वाट वळवून का होईना, पण ती पुरी केली पाहिजे. वळणाचे निमित्त करून वाट सोडून देणे हा वारशाचा आदर नव्हे, तो आळस होय. तो मार्ग पुरा झाला तर वरवट बकालच्या मनुष्यास आगगाडी धरण्यासाठी शेगावपर्यंत जावयाची गरज कदाचित उरणार नाही.

शासनापुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो. पहिली, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या फलाटापासून मेट्रोच्या दारापर्यंतच्या वाटेची जबाबदारी एकाच अधिकाऱ्यावर सोपवून त्याचे नाव तेथे लावावे. दुसरी, भुयाराचे काम संपले म्हणून परिसरातील जुन्या इमारतींच्या हादऱ्यांची मोजणी थांबवू नये. गाड्या आता रोज धावणार आहेत, तेव्हा ती मोजणी चालू ठेवून तिचे आकडे लोकांपुढे मांडावेत. तिसरी, जालना–खामगाव आणि अकोट–खांडवा या मार्गांची तारीखवार कार्यपत्रिका विधिमंडळात ठेवावी. या तिन्ही गोष्टींपैकी एकीलाही भुयारयंत्र लागत नाही.

सव्वाशे वर्षांपूर्वी परकी कंपनीने मुंबईत एक घुमट उभारला आणि त्यावर प्रगतीची मूर्ती बसविली. आज स्वतंत्र राष्ट्राने त्याच घुमटाला धक्का न लावता त्याच्या पायथ्याशी नवा मार्ग काढला. ज्या शासनाला गजबजलेल्या महानगराखाली, पुरातन वास्तूंच्या पायाखालून, दगड फोडीत साडेतेहतीस किलोमीटर जाता येते, त्याला वऱ्हाडच्या सपाट काळ्या जमिनीवर रूळ टाकणे अवघड आहे, हे आता आम्हांस कोणी पटवू शकणार नाही. वरवट बकालचा प्रवासी आज रात्रीही शेगावच्या फलाटावर उभा असेल. पूर्वी तो नशिबाला बोल लावीत असे. आता त्याने मुंबईचे भुयार पाहिले आहे आणि उद्या तो आपल्या लोकप्रतिनिधीस विचारील, ‘हे जमले, तर ते का नाही?’ त्या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवण्याची वेळ आली आहे.